लिंडसी होरान : एका फुटबॉलपटूचे परदेशातील शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखादी मुलगी फुटबॉल चांगला खेळू लागली म्हणजे तिचा पुढील मार्ग बहुतेक आखलेलाच असतो. हायस्कूलची वर्षे संपण्यापूर्वीच निरनिराळ्या विद्यापीठांचे क्रीडाशिक्षक तिचा खेळ पाहून जातात, तिला शिष्यवृत्ती देऊ करतात, आणि ती चार वर्षे विद्यापीठाच्या संघातून खेळत खेळत पदवी घेऊन बाहेर पडते. (तिकडे या खेळास 'सॉकर' म्हणतात, 'फुटबॉल' हे नाव त्यांनी चेंडू हातात धरून धावण्याच्या एका निराळ्याच खेळाला देऊन टाकिले आहे. आम्ही या लेखात आपलेच नाव चालविणार आहो.) हा मार्ग तयार होण्यास एक कायदा कारण झाला. सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा व मुलगी असा भेद करू नये, असे १९७२ साली तेथे ठरले. 'टायटल नाइन' या नावाने हा कायदा प्रसिद्ध आहे. त्याच्या मूळ कलमात फुटबॉलचे नाव नाही, फार काय, खेळ हा शब्दही नाही. परंतु मुलांच्या संघांवर पैसा खर्च होतो तर मुलींच्या संघांवर का नाही, हा प्रश्न त्यातून आपोआपच उभा राहिला, आणि पुढील वीस वर्षांत शेकडो विद्यापीठांनी मुलींचे फुटबॉल संघ उभारले.

या व्यवस्थेचे फळ अमेरिकेला लवकर मिळाले. युरोपात त्या काळी काय चालले होते हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळण्यास मनाई केली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. पश्चिम जर्मनीतही १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच मनाई होती. ज्या देशांत पुरुषांचा फुटबॉल घराघरांत पोचलेला, तेथेच स्त्रियांना मैदान बंद. आणि ज्या देशात या खेळाची फारशी मातब्बरी नव्हती, तेथील मुली मात्र शाळा-कॉलेजांतून तो शिकत होत्या. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली ती अमेरिकेने जिंकली. त्या संघाचे शिक्षक अँसन डोरन्स हे उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील मुलींच्या संघाचेही शिक्षक होते. त्या विद्यापीठाने १९८१ पासून २०१२ पर्यंत बावीस वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. तेव्हा तेथे प्रवेश मिळणे म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या दृष्टीने काय होते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

ते प्रवेशाचे स्थान हाती असताना एका मुलीने ते सोडून दिले. तिचीच ही हकीकत आहे.

लिंडसी होरान हिचा जन्म २६ मे १९९४ रोजी कोलोरॅडो संस्थानातील गोल्डन या गावी झाला. नकाशावर कोलोरॅडो पट्टीने आखल्यासारखे चौकोनी दिसते. त्याच्या मध्यभागी, रॉकी पर्वत जेथे सपाटीला लागतो तेथे, हे गाव वसले आहे. तिचे शिक्षण गावच्याच हायस्कुलात झाले; परंतु फुटबॉल मात्र ती शाळेच्या संघातून खेळली नाही. 'कोलोरॅडो रश' या क्लबाच्या संघात तिचा खेळ तयार झाला. उंच बांधा, डोक्याने चेंडू मारण्याची हातोटी, आणि गोलासमोर न गोंधळणारे पाय, या गुणांमुळे देशाच्या कुमारी संघांतही तिला जागा मिळाली. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाला तिने होकारही कळविला होता.

इतक्यात पॅरिसच्या 'पॅरिस सां-जर्मेन' या क्लबाने तिला करार देऊ केला. हा क्लब २०११ साली कतारच्या धनिक मालकांच्या हाती आला होता, आणि पुरुषांच्या संघाप्रमाणे स्त्रियांचा संघही बलाढ्य करावा असे नव्या मालकांच्या मनात होते. होरानचे वय तेव्हा अठरा. २०१२ च्या उन्हाळ्यात तिने करारावर सही केली. हायस्कुलातून विद्यापीठाची पायरी न चढता एकदम परदेशी धंदेवाईक संघात जाणारी ती पहिलीच अमेरिकन मुलगी होय.

या सहीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. विद्यापीठांच्या स्पर्धा चालविणाऱ्या संस्थेचा त्या वेळचा नियम असा होता की, ज्याने खेळण्याबद्दल क्लबाकडून वेतन घेतले त्याला विद्यापीठाच्या संघात स्थान नाही. म्हणजे पॅरिसला जाऊन पाहू, न जमल्यास परत येऊन कॉलेजच्या संघात खेळू, असे म्हणण्याची सोय नव्हती. एक दार उघडताना दुसरे कायमचे लागत होते. बरे, मायदेशी परत येऊन धंदेवाईक संघात खेळावे, तर तसा संघ तरी कोठे होता? अमेरिकेतील स्त्रियांचे पहिले धंदेवाईक मंडळ २००१ मध्ये निघून २००३ मध्ये बुडाले. दुसरे २००९ मध्ये निघाले, तेही २०१२ च्या मे महिन्यात बंद पडले. होरानने सही केली त्या घटकेला जगज्जेत्या म्हणविणाऱ्या या देशात वरच्या दर्जाचे धंदेवाईक मंडळ एकही नव्हते. तिसरे मंडळ, जे पुढे टिकले, ते २०१३ साली सुरू झाले. आणि गंमत अशी की, २०१२ च्या डिसेंबरात उत्तर कॅरोलायनाच्या मुलींनी अजिंक्यपद पुन्हा जिंकले. ती तेथे गेली असती तर पहिल्याच वर्षी विजयी संघात दिसली असती.

आम्ही पेशाने शिक्षक आहो. कॉलेजचे दार आपल्या हाताने लोटून घेणाऱ्या मुलीची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना आमची लेखणी थोडी अडखळते, हे पालकांपासून लपविण्याचे कारण नाही. खेळाडूचा एक गुडघा दुखावला तर वर्ष जाते, दोनदा दुखावला तर सगळा धंदा जातो. आणि पदवी मात्र कोणत्याही दुखण्याने मोडत नाही. तथापि हेही सांगितले पाहिजे की, ती हवेत किल्ले बांधून निघाली नव्हती. तिच्या हाती एका मोठ्या क्लबाचा लेखी करार होता, वेतन ठरलेले होते, आणि ज्या विद्येत तिला पारंगत व्हावयाचे होते ती विद्या अमेरिकेपेक्षा युरोपात अधिक बारकाईने शिकवीत असत. शाळा सोडून देणे निराळे आणि शाळा बदलणे निराळे. होरानने यांपैकी काय केले, याचा निवाडा पुढील दहा-बारा वर्षांच्या हकीकतीवरून वाचकांनीच करावा.

पॅरिसमध्ये ती पुढच्या फळीत खेळली. साठांच्या आतल्या सामन्यांत तिने चाळीसांहून अधिक गोल केले. नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल की सारे सुरळीत चालले होते. तसे नव्हते. भाषा परकी. शिक्षकाच्या सूचना फ्रेंचमध्ये, खेळाडूंचा थट्टाविनोद फ्रेंचमध्ये. वर्गात शिक्षक बोलत आहेत, इतर मुले हसत आहेत आणि आपल्याला एक अक्षर समजत नाही, अशी स्थिती ज्याने कधी सोसली असेल त्यालाच अठराव्या वर्षी परमुलखात ती काय करते हे कळेल. शिवाय वजनावरून तिच्यामागे तगादा असे, आणि ठरविलेले वजन उतरले नाही म्हणून तिला सामन्याच्या प्रवासातून वगळण्यातही आले, असे तिने स्वतःच पुढे प्रकटपणे सांगितले आहे. वाढत्या वयाच्या मुलीची योग्यता तराजूच्या काट्यावर ठरवावी, हे आम्हांला मुळीच पसंत नाही. आणि युरोपात विद्या बारकाईने शिकवीत असत असे वर लिहिले त्याची ही दुसरी बाजूही वाचकांना दिसली पाहिजे. असे असूनही ती तेथे साडेतीन वर्षे राहिली. फ्रेंच बोलू लागली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही पायांनी चेंडू अडवून अगदी चिंचोळ्या जागेतून वाट काढण्याचे जे शिक्षण फ्रान्सच्या क्लबांत रोजच्या रोज मिळते ते तिने आत्मसात केले. अमेरिकेतील विद्यापीठांचा खेळ त्या काळी मुख्यत्वे वेगाचा व दमाचा असे. मोसम लहान, सामने दाट, खेळाडू वारंवार बदलण्याची मुभा. त्यामुळे धावून प्रतिपक्षाला दमविणे हीच तेथील मोठी युक्ती. फ्रान्समध्ये चेंडूला धावू द्यावे, आपण थोडे थांबून पाहावे, हा पाठ पहिला.

परदेशी खेळणारी ती काही पहिली अमेरिकन स्त्री नव्हे. मिशेल एकर्स ही १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये खेळली. मेगन रॅपिनो २०१३ मध्ये लिऑनला गेली, टोबिन हीथ त्याच वर्षी पॅरिसला होरानच्याच संघात आली. पुढे कार्ली लॉइड, रोझ लव्हेल, सॅम मेविस या मँचेस्टरला जाऊन आल्या. परंतु यांतील प्रत्येकीचे नाव स्वदेशात आधी झालेले होते. नाव झाल्यावर परदेशी जाणे म्हणजे पाहुणचाराला जाणे. नाव व्हावयाचे असताना जाणे म्हणजे पोटापाण्याला जाणे. होरान दुसऱ्या प्रकारची. आणि त्याची किंमतही तिला द्यावी लागली. मार्च २०१३ मध्ये पोर्तुगालमधील एका स्पर्धेत चीनविरुद्ध ती राष्ट्रीय संघातून प्रथम खेळली खरी. पण नंतर दोन वर्षांहून अधिक काळ तिला कोणी बोलाविले नाही. २०१५ साली कॅनडात अमेरिकेने जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा ती त्या संघात नव्हती.

त्यानंतर राष्ट्रीय संघाच्या शिक्षिका जिल एलिस यांनी तिला परत बोलाविले, आणि एक विलक्षण सूचना केली. पुढच्या फळीतील ही गोल करणारी मुलगी त्यांनी मधल्या फळीत उभी केली. २०१६ च्या जानेवारीत होरान पॅरिस सोडून ऑरेगन संस्थानातील 'पोर्टलंड थॉर्न्स' या संघात दाखल झाली.

मधली फळी म्हणजे काय, हे ज्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. फुटबॉलचे मोठे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. अकरा खेळाडूंपैकी एक गोलाच्या राखणीला. उरलेल्या दहांच्या ढोबळ मानाने तीन फळ्या : मागची बचावाची, पुढची चढाईची, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली तीन-चार जणींची फळी. जुन्या पद्धतीत यांना 'हाफबॅक' म्हणत. आता 'मिडफिल्डर' म्हणतात. मागच्या फळीतील खेळाडूला बहुतेक सर्व मैदान समोर दिसते. पुढच्या फळीतील खेळाडूला एकच काम असते, आणि ते झाले की टाळ्या त्याच्याच. मधल्या फळीतील खेळाडूच्या मात्र चारी बाजूंना माणसे असतात. चेंडू बहुधा त्याच्या पाठीमागून येतो, आणि तो ज्या दिशेला पुढे द्यावयाचा ती दिशा त्याच्या पाठीशी असते. म्हणून चांगला मिडफिल्डर चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून डावीकडे, उजवीकडे, मागे पाहून घेतो. आमचे विद्यार्थी दूरचित्रवाणीवर सामना पाहतात तेव्हा सर्वांची दृष्टी चेंडूवर खिळलेली असते. एकदा चेंडू सोडून मधल्या फळीतील एकाच खेळाडूकडे पाच मिनिटे पाहावे. ज्याची मान सारखी हलत असते तो खेळाडू जाणावा. चेंडू पायाशी आल्यावर विचार करावयास वेळ मिळत नाही. विचार आधी करून ठेवावा लागतो. गणिताच्या पेपरात उदाहरण वाचण्यापूर्वीच आकडेमोड सुरू करणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मैदानावरही त्यांची जात आहेच.

होरानला या जागी कशाचा उपयोग झाला असेल, तर पॅरिसमध्ये शिकलेल्या चिंचोळ्या जागेतील त्याच कसबाचा. प्रतिपक्षाची एक मुलगी पाठीला चिकटलेली असताना चेंडू अडवावयाचा, अंगाची आड करावयाची, आणि दुसऱ्या पायाने तो मोकळ्या मैत्रिणीकडे द्यावयाचा, हे तिला येत होते. उंचीमुळे कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूंवर तिचे डोके आधी पोचे. गोल करण्याची जुनी सवयही गेली नव्हती. २०१७ च्या ऑक्टोबरात ऑर्लँडो येथे मंडळाचा अंतिम सामना झाला. समोरचा संघ उत्तर कॅरोलायनाचा. विद्यापीठाचा नव्हे, त्याच संस्थानातील धंदेवाईक संघ. पोर्टलंड तो १-० असा जिंकले आणि एकमेव गोल होरानने केला. पुढील वर्षी तिने मधल्या फळीतून तेरा गोल केले, आणि मंडळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. पोर्टलंडच्या मैदानावर त्या दिवसांत दर सामन्याला पंधरा हजारांहून अधिक लोक येत. स्त्रियांच्या क्लबाच्या सामन्याला इतकी गर्दी तेव्हा जगात क्वचितच कोठे होई.

२०१९ साली जागतिक स्पर्धा फ्रान्समध्येच भरली. होरानने थायलंडविरुद्ध व स्वीडनविरुद्ध एकेक गोल केला. अमेरिका अंतिम सामन्यात नेदरलंड्सला २-० हरवून पुन्हा जगज्जेती झाली. तो सामना लिऑनच्या मैदानावर झाला, आणि होरान त्यात एक मिनिटही खेळली नाही. विजेत्या संघात असूनही शेवटच्या दिवशी बाकावर बसून राहणे सोपे नसते. २०२१ मध्ये टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत, न्यूझीलंडविरुद्ध, तिने आपल्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात गोल केला. अमेरिकेला तेथे कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी देशातील उत्कृष्ट स्त्री-खेळाडूचा मान तिला मिळाला.

आणि नाव, घर, प्रेक्षक, मान सर्व काही मायदेशी असताना २०२२ च्या जानेवारीत ती पुन्हा फ्रान्सला गेली. या वेळी पॅरिसला नव्हे तर लिऑनला. पोर्टलंडने तिला प्रथम दीड वर्षाच्या बोलीवर त्या क्लबाला दिले, आणि मुदत संपताच २०२३ मध्ये ती कायमची लिऑनची झाली.

ऱ्होन आणि साओन या दोन नद्यांच्या संगमावरील हे शहर एके काळी रेशमाकरिता प्रसिद्ध होते. स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये त्याचे नाव गेल्या वीस वर्षांतले. तेथील क्लबाने २००७ पासून २०२० पर्यंत लागोपाठ चौदा वेळा फ्रान्सचे अजिंक्यपद मिळविले. होरान पॅरिसला असताना तिचा संघ ज्याच्यामुळे वारंवार दुसरा राही तो हाच. अशा क्लबात नवीन खेळाडूला जागा आयती मिळत नाही. प्रत्येक जागेवर कोणत्या ना कोणत्या देशाची प्रमुख खेळाडू आधीच उभी असते. परंतु चारच महिन्यांत, २१ मे २०२२ रोजी, इटलीतील टुरिन येथे युरोपातील क्लबांच्या अजिंक्यपदाचा सामना झाला तेव्हा लिऑनच्या मधल्या फळीत पहिल्या मिनिटापासून होरान होती. प्रतिपक्ष बार्सिलोना, आदल्या वर्षाचा विजेता. लिऑनच्या अमांदीन आँरी हिने सहाव्याच मिनिटाला दुरून गोल केला, आदा हेगरबर्गने दुसरा, आणि होरानचीच देशभगिनी कॅटरिना मॅकारियो हिने तिसरा. सामना ३-१ असा संपला. लिऑनचे हे आठवे युरोपीय अजिंक्यपद. त्यांच्या शिक्षिका सोनिया बोंपास्तोर या खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हा चषक जिंकणाऱ्या पहिल्याच होत. दोन वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, याच दोन संघांची बिल्बाओ येथे अंतिम सामन्यात पुन्हा गाठ पडली; त्या वेळी बार्सिलोनाने २-० असे उट्टे काढले.

परदेशात खेळल्याने खेळाडूला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे प्रतिपक्षातील मैत्रिणी. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत होरान अमेरिकेची कर्णधार होती (ॲलेक्स मॉर्गन हिच्यासह). २७ जुलै रोजी न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे गाठ पडली ती नेदरलंड्सशी, आणि नेदरलंड्सच्या मधल्या फळीत होती दानियेला व्हान दे डोंक, म्हणजे लिऑनमध्ये रोज होरानच्या शेजारी खेळणारी सोबतीण. अमेरिका एका गोलाने मागे होती. दुसऱ्या अर्धात व्हान दे डोंकने चेंडूसाठी अशी झडप घातली की होरान खाली पडली. ती उठली ती रागातच. दोघींची शब्दाशब्दी झाली, आणि पंचांना दोघींनाही जवळ बोलावून समज द्यावी लागली. त्यानंतर लगेच रोझ लव्हेलने कोपऱ्यावरून चेंडू मारला, आणि होरानने तो डोक्याने असा हाणला की गोलरक्षिकेचे काही चालले नाही. बासष्टावे मिनिट, १-१. सामना तसाच बरोबरीत सुटला. रागाचे बळ झाले अशी उदाहरणे खेळात थोडी, राग आला आणि खेळ बिघडला अशी फार. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण जरा जपूनच करावे. स्पर्धा संपल्यावर दोघी लिऑनला परतल्या आणि एकाच रंगाचा सदरा घालून एकत्र खेळू लागल्या.

त्या स्पर्धेचा शेवट मात्र वाईट झाला. मेलबर्न येथे स्वीडनविरुद्ध होरानचा डोक्याने मारलेला एक चेंडू वरच्या दांडीवर आदळून परत आला. पूर्ण वेळात व जादा वेळात कोणाचाच गोल झाला नाही, आणि निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर आला. होरानने आपला फटका गोलात घातला. संघ हरला. जागतिक स्पर्धेतून अमेरिका इतक्या लवकर कधीच बाहेर पडली नव्हती. सात वर्षांपूर्वी, २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझील देशी, याच स्वीडनविरुद्ध याच रीतीने सामना पेनल्टीवर गेला होता. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिने आपला फटका गोलात घातला होता, आणि तेव्हाही संघ हरला होता.

२०२४ च्या आरंभी एका मुलाखतीत, आपल्या देशातील बहुतेक फुटबॉलप्रेक्षकांना हा खेळ कळत नाही, अशा अर्थाचे ती बोलून गेली. त्यावर मोठा गदारोळ झाला. तिच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते असे आम्हांला वाटत नाही. फ्रान्समध्ये लोक चेंडू कसा दिला जातो हे पाहतात, अमेरिकेत कोणी गोल केला हे विचारतात, हा फरक तिने बारा वर्षे जवळून पाहिला होता. पण जे लोक पदरचे पैसे मोडून मैदानावर येतात त्यांना कर्णधाराने अडाणी म्हणू नये. तिने जाहीर क्षमा मागितली. मार्चमध्ये उत्तर व दक्षिण अमेरिकेतील देशांच्या सुवर्णचषकाचा अंतिम सामना कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे झाला. ब्राझीलवर १-० असा विजय मिळाला, आणि तो गोल होरानच्या डोक्याचा. ज्यांना केवळ गोलच कळतो असा आक्षेप होता, त्या प्रेक्षकांना तिने गोलच दिला!

त्याच वर्षीचे ऑलिंपिक सामने फ्रान्समध्ये भरले. एमा हेझ या इंग्रज शिक्षिका दोनच महिन्यांपूर्वी अमेरिकन संघावर आल्या होत्या. त्यांनी होरानलाच कर्णधार ठेविले. उपांत्यपूर्व सामना पॅरिसमध्ये जपानशी झाला. जादा वेळात ट्रिनिटी रॉडमनने गोल केला. उपांत्य सामना लिऑनमध्ये, होरानच्या क्लबाच्या शहरी, जर्मनीशी. पुन्हा जादा वेळ, आणि या वेळी गोल सोफिया स्मिथचा. १० ऑगस्ट २०२४ रोजी अंतिम सामना पॅरिसच्या 'पार्क दे प्रँस' मैदानावर ब्राझीलशी झाला. हे मैदान 'पॅरिस सां-जर्मेन' क्लबाचे. अठराव्या वर्षी होरानने ज्याच्या करारावर सही केली तोच हा क्लब. तिच्या काळी क्लबाच्या मुलींचे सामने बहुधा दुसऱ्या लहान मैदानांवर होत, मुख्य मैदान पुरुषांसाठी राखलेले असे. सत्तावन्नाव्या मिनिटाला मॅलरी स्वॉन्सन हिने गोल केला. स्वॉन्सनही कोलोरॅडोचीच. तेवढ्या एका गोलावर अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. बारा वर्षांनंतरचे ते पहिले, आणि एकंदर पाचवे.

विवाहानंतर २०२५ पासून ही खेळाडू लिंडसी हीप्स या नावाने मैदानात उतरू लागली. जुन्या नोंदींत मात्र होरान हेच नाव सापडेल. त्या ऑलिंपिकची नोंद पाहिली तर अमेरिकेच्या सहा सामन्यांत मिळून बारा गोल झालेले दिसतात : रॉडमनचे, स्मिथचे, स्वॉन्सनचे, आणखी दोघींचे. कर्णधाराच्या नावावर त्यांत एकही नाही.